गोगलगाय तळ्यात शिरण्याआधी

मत्स्यतळ्यात बाहेरून आलेली गोगलगाय दिसली की पहिला प्रश्न येतो, आता पाण्यात काय टाकू? माझं म्हणणं असं की सगळी ताकद ती आत येऊ न देण्यावर लावावी, कारण एकदा ती रुजली की तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक उपाय माशांवर बेततो. मेलॅनॉइडिस ट्यूबरक्युलाटा ही लांबट, टोकदार शंखाची गोगलगाय घ्या. आपल्या ओढ्या-कालव्यांत ती मूळचीच. १९३०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती अमेरिकेत पोचली आणि पुढे टेक्सास, फ्लोरिडात पसरली. मादीला नर लागत नाही आणि ती थेट पिल्लंच सोडते. मत्स्यबीजाच्या पिशवीतून आलेली एकच मादी तळं भरायला पुरते.

‘ती गाळ नि उरलंसुरलं खाद्य खाते, तिचा त्रास तो काय?’ असं विचारलं जातं. त्रास आहे तो तिच्या शरीरात वाढणाऱ्या सेंट्रोसेस्टस फॉर्मोसॅनस या चपट्या कृमीचा. बगळ्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात पडतात, गोगलगाईत वाढ होते आणि तिच्यातून सुटलेल्या सूक्ष्म अळ्या माशाच्या कल्ल्यांत शिरून कोष करतात. कोषाभोवती कूर्चा वाढून कल्ल्यांचा आकारच बिघडतो. असा मासा वरून धडधाकट दिसतो, पण पहाटे पाण्यातला प्राणवायू घटला किंवा विक्रीसाठी पिशवीत भरला की दगावतो. फ्लोरिडातल्या शोभेच्या माशांच्या उत्पादकांनी हे सोसलं आहे. मग बगळेच हाकलावेत का? हाकललेला बगळा परत येतो. गोगलगाय नसेल तर मात्र त्याने टाकलेली अंडी वाया जातात.

औषधाचा आग्रह मला समजतो, पण मोरचुदाचा हिशेब नीट पाहावा. पाण्याची क्षारता कमी असेल तर तो माशांनाच मारतो, शिवाय शेवाळ मरून कुजलं की प्राणवायू खालावतो. गोगलगाय मात्र शंखाचं झाकण मिटून गाळात बसते. गोगलगाई खाणारा मासा सोडणं हा त्याहून मोठा धोका. अमेरिकेतल्या मत्स्यपालकांनी याच कामासाठी ब्लॅक कार्प पाळला. तो निसटून मिसिसिपीच्या खोऱ्यात गेला, तिथल्या मूळच्या शिंपल्यांवर संकट आलं, आणि २००७ मध्ये त्याची नोंद घातक प्रजातींत झाली.

म्हणून नवं बीज आधी वेगळ्या टाकीत ठेवावं, त्याच्यासोबतचं पाणी तळ्यात ओतू नये, पाणवनस्पती बाहेरून आणू नयेत, पाणी आत येतं तिथे बारीक जाळी बांधावी. दोन हंगामांमध्ये तळाला भेगा पडेपर्यंत तळं सुकवावं आणि ओल उरलेल्या खळग्यांत चुना टाकावा, कारण ओल्या गाळात ती तग धरते. छोट्या मत्स्यपालकाला हे परवडेल का, ही शंका रास्त आहे. पण यातलं सर्वांत उपयोगी काम जवळजवळ फुकटचं आहे: दुसऱ्याच्या तळ्यावरून आलेली जाळी, घमेली आणि गमबूट ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मगच आपल्या बांधावर आणावेत.