स्वमग्न मुलाचा दिवस

'स्वमग्नता' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळतो. इंग्रजीत यास ऑटिझम म्हणतात. आमच्या घरी या अवस्थेचा मुलगा असून तो आज तेरा वर्षांचा आहे. साहजिकच प्रस्तुत लेखात पुस्तकी माहिती थोडी व रोजच्या जगण्यातील अधिक आली आहे. संस्थेच्या सभासदांना व विशेषतः शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी डॉ. लिओ कॅनर यांनी आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात तेथून मानली जाते. त्यानंतर बराच काळ, आईने माया दिली नाही म्हणून मूल असे झाले, असा समज तज्ज्ञांतही रूढ होता. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात या समजाला आव्हान दिले. ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीशी निगडित असून तिच्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, हे आज मान्य झाले आहे. परंतु वैद्यकशास्त्राने टाकून दिलेला समज नातेवाइकांनी टाकलेला नाही. "नोकरी करता ना दोघं, मग मुलाकडे लक्ष कोण देणार?" हे वाक्य आमच्या सौ.ने किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही. लसीमुळे असे होते हीदेखील अफवाच होय. ती ज्या १९९८ च्या लेखावरून पसरली, तो लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

मराठी शब्दाविषयी आमची थोडी तक्रार आहे. 'स्वमग्न' म्हटले की स्वतःतच रमलेला, इतरांशी कर्तव्य नसलेला, असा अर्थ मनात येतो. आमचा मुलगा जिन्यावरच्या पावलांवरून कोण आले ते ओळखतो. आम्हांस बँकेतून यायला उशीर झाला तर जेवत नाही. त्याला माणसे हवी असतात. ती मागायची कशी, हे मात्र त्याला आपल्यासारखे उमगत नाही.

भाषेचेच पाहा. तहान लागली म्हणजे तो "तुला पाणी हवं का?" असे म्हणतो. पाणी मिळते तेव्हा हेच शब्द कानावर पडतात, म्हणून त्याच्या लेखी पाण्याचे नाव तेच. 'मी' आणि 'तू' यांची अशी अदलाबदल कॅनर यांनीही नोंदविली होती. पाहुण्यांना हसू येते. पण विचार केला तर त्याचे म्हणणे स्पष्ट असते. आम्ही हसत नाही, दुरुस्तीचा तासही घेत नाही. पेला हाती देताना त्याच्या वतीने "मला पाणी हवं" एवढे म्हणतो. वर्षभराने ते वाक्य त्याच्या तोंडी आले.

दिवस सकाळी सहाला सुरू होतो. स्वयंपाकघराच्या दारावर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चित्रे चिकटविली आहेत : ब्रश, बादली, सदरा, पोळीचा डबा, शाळेची गाडी. एक काम झाले की ते चित्र तो उलटे करतो. यात खर्च काहीच नाही, पण पुढे काय होणार हे कळले की त्याची निम्मी भीती जाते. दात घासणे आपण एक काम समजतो. त्याच्यासाठी आम्ही त्याची नऊ कामे केली. झाकण उघडणे, पेस्ट लावणे, वरचे दात, खालचे दात, अशी ती होत. शेवटचे काम त्याने करावयाचे व आधीची आठ आम्ही, अशी सुरुवात केली. मग शेवटची दोन, मग तीन. सात महिने लागले.

कुकरची शिट्टी होण्यापूर्वी त्याला सांगावे लागते. मिक्सर तो शाळेत असताना लावतो. सदऱ्याच्या कॉलरची चिठ्ठी उसवून काढतो, कारण ती त्याला काट्यासारखी टोचते. १४ एप्रिलला आम्ही त्यास सकाळी लवकर पुतळ्याजवळ नेतो, फूल वाहतो व गर्दी होण्यापूर्वी परततो. सायंकाळच्या मिरवणुकीचे ध्वनिवर्धक त्याला सोसत नाहीत. संस्थेच्या कार्यक्रमात सभागृहालगतची एखादी खोली अशा मुलांसाठी शांत ठेवता आली, तर कितीतरी माता घरी बसून न राहता कार्यक्रमास येऊ शकतील.

बाहेर कधी तो कान झाकून जमिनीवर बसतो व ओरडतो. लोक म्हणतात, "दोन ठेवून द्या, गप्प बसेल." येथे एक फरक लक्षात घ्यावा. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते का यावर नजर ठेवते आणि वस्तू मिळाली की बहुधा थांबते. स्वमग्न मुलाला असह्य झालेले असते. वस्तू देऊन ते थांबत नाही, मारल्याने तर वाढते. अशा वेळी कारण शोधावे : आवाज, उजेड, भूक, दुखणारा दात, बदललेला रस्ता. शेजाऱ्यांनी गर्दी हटवावी व कमी बोलावे. आमच्या मजल्यावरच्या आजी फक्त आपले दार उघडे ठेवतात. ही मदत मोठी आहे.

तरुण पालकांसाठी : मूल वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवीत नसेल, किंवा आलेले शब्द नाहीसे झाले असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात" यावर विसंबू नये. कानांची तपासणी करून बालरोगतज्ज्ञांस विचारावे. मुलींमध्ये ही लक्षणे पुष्कळदा नजरेतून सुटतात.

आता कागदपत्रांविषयी, आमचा पेशाच तो. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, व २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांतही आहे. तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र जरूर काढावे. 'लोक काय म्हणतील' म्हणून ते टाळणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. नुकसान मुलाचे होते.

आम्हां उभयतांना रात्री जागे ठेवणारा प्रश्न वेगळाच आहे : आमच्यामागे कोण? त्याला धाकटी बहीण आहे. सारे नातेवाईक तिच्याकडे बोट दाखवितात. तिला कोणी विचारलेले नाही, आणि ती दहा वर्षांची असताना आम्हीही विचारणार नाही.

मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला आपले व्यवहार स्वतः पाहता येत नाहीत, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी या समितीवर असतात. या समितीच्या प्रमाणपत्रावरून बँका खाते उघडू व चालवू शकतात, असे रिझर्व्ह बँकेने कळविलेले आहे. काउंटरवरील कर्मचाऱ्यास माहिती नसेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटावे. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पालकाने पाल्याच्या मालमत्तेची यादी नेमणूक करणाऱ्या समितीला द्यावयाची असते, व आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. आम्ही त्यासाठी एक वही आताच घातली आहे. पहिल्या पानावर त्याच्या नावचे बचत खाते व दोन मुदत ठेवी आहेत. शेवटच्या पानावर त्याला कोणते आवाज चालत नाहीत त्यांची यादी.