जोर मांडीचा, पण काम घोट्याचं



उन्हाळी सुट्टी लागली की पोहण्याच्या तलावावर मुलांची गर्दी होते. काठावर थोडा वेळ उभे राहा, एकच वाक्य सारखं कानावर पडेल : "पाय मार, जोरात मार!" मूल जीव तोडून पाय मारतं, पाणी उडतं, धाप लागते, पण मूल जागच्या जागीच. मग आपण म्हणतो, "याच्या पायात ताकदच नाही," नाहीतर "आळशी आहे." बऱ्याचदा दोन्ही खरं नसतं. गाडी अडलेली असते ती घोट्यात. म्हणून मुलावर शिक्का मारण्याआधी त्याचा घोटा एकदा बघू या.

पाणी कुठे ढकललं जातं?

फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकमध्ये पायाची हालचाल खुब्यापासून सुरू होते. ती मांडीतून, गुडघ्यातून खाली उतरते आणि शेवटी पाऊल चाबकाच्या टोकासारखं फटकतं. न्यूटनचा तिसरा नियम आपण वर्गात शिकवतोच : पाणी मागे ढकललं, तर शरीर पुढे जाणार.

फ्रीस्टाइलमध्ये पाय खाली येताना पावलाचा वरचा भाग पाण्याला दाबतो. घोटा सैल असेल तर पाऊल मागे ताणलं जातं, माशाच्या शेपटीसारखं तिरकं होतं आणि पाणी मागे सारतं. घोटा कडक असेल तर पाऊल आकड्यासारखं खाली लटकतं. मग पाणी नुसतं खाली ढकललं जातं, वर ते पाऊल ब्रेकसारखं आडवं येतं. काही मुलं किकबोर्ड धरून पाय मारताना चक्क मागे सरकतात, ती यामुळेच. अशा पायाला जितका जोर लावाल, तितकी फक्त दमणूक वाढते.

वर्गात दाखवायचं असेल तर पाण्याचं मोठं टब घ्या. मुलांना हात पाण्यात वरखाली हलवायला सांगा : आधी मनगट काटकोनात कडक धरून, मग सैल सोडून. फरक हातालाच कळतो.

घोटा कडक का होतो?

पाऊल नडगीशी काटकोनात धरलं, तर तिथून ते साधारण ५० अंश खाली आणि २० अंश वर वळतं. पण प्रत्येकाचं सारखं नसतं. दिवसभर खुर्ची आणि बूट, जुनी मुरगळ, खूप धावणं किंवा फुटबॉल, यांमुळे घोटा आखडू शकतो. वाढीच्या वयात हाडं भराभर लांब होतात, स्नायू मागे राहतात, तेव्हाही मुलं ताठर वाटतात. पूर्वी जेवण, अभ्यास, प्रार्थना सगळं जमिनीवर बसून व्हायचं. त्यात घोट्याला आपोआप ताण मिळायचा, तो आता कमी झाला.

आधी मोजा

मुलाला पाय लांब करून जमिनीवर बसवा. टाचा जमिनीला, गुडघे सरळ. पाऊल जमेल तेवढं पुढे ताणायला सांगा आणि अंगठ्याच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पायांचं अंतर तारखेसह वहीत लिहा. तुलना मुलाची स्वतःशीच करायची, शेजारच्या मुलाशी नाही.

घरी आणि शाळेत काय करायचं?

१. वज्रासन : चवडे मागे ताणलेले, टाचांवर बसायचं. जमत नसेल तर टाचा आणि मांड्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर ठेवा. सुरुवातीला २० ते ३० सेकंद, दोन-तीन वेळा पुरे.

२. पायाने मुळाक्षरं गिरवणं : खुर्चीवर बसून एक पाय उचलायचा आणि अंगठ्याने हवेत 'अ' ते 'अः' काढायचं. गुडघा हलवायचा नाही. लहान मुलांना हे फार आवडतं.

३. टाचा उचलणं : भिंतीला हात लावून चवड्यांवर हळू वर, हळू खाली, १० वेळा. नंतर एका पायावर तोल सांभाळणं. नुसता सैल घोटा मुरगळतो, म्हणून ताकदही हवी.

४. पाण्यात : काठावर बसून पाय मारताना बूट निसटून जावा तसं पाऊल सोडायचं. मग पाठीवर तरंगत पाय मारायचे. प्रशिक्षक हो म्हणाले तर थोडा वेळ छोटे फिन्स.

ताण नेहमी अंग गरम झाल्यावर द्यायचा. रोज पाच मिनिटं, रविवारी एकदम अर्ध्या तासापेक्षा बरी.

ब्रेस्टस्ट्रोकचं गणित उलटं

इथे पाऊल वर ओढून बाहेर वळवावं लागतं, बेडकासारखं. त्यासाठी टाचा न उचलता उकिडवं बसण्याचा सराव उपयोगी. म्हणजे चारही प्रकार पोहणाऱ्या मुलाला घोटा दोन्ही बाजूंनी मोकळा हवा.

एवढं मात्र टाळा

मुलाच्या पावलांवर बसून किंवा हाताने दाबून घोटा वाकवू नका. वाढत्या हाडांशी जबरदस्ती नको. ओढल्यासारखं वाटणं ठीक. टोचणं, सूज किंवा एकाच पायात दुखणं असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. नुकतीच मुरगळ झाली असेल तर हे व्यायाम नकोतच.

सहा आठवड्यांनी पट्टी घेऊन पुन्हा मोजा. कधी अंतर सेंटिमीटरभरच कमी होईल, कधी तेवढंही नाही. प्रत्येकाच्या हाडांची ठेवण वेगळी. पण किकबोर्डवर मूल पुढे सरकतंय का, ते बघा. आणि काठावरून ओरडायचंच असेल, तर "जोरात मार" ऐवजी "पाऊल सैल सोड" म्हणून बघा. ज्या मुलाला आपण कमजोर समजत होतो, त्याला कदाचित एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.