मासिकातील लेखाचे पुनर्मुद्रण : व्यापारी दृष्टीने

आपल्या मालाविषयी एखाद्या मासिकात चांगला लेख आला, की तो गिऱ्हाइकांना दाखवावा असे कारखानदाराला वाटणे साहजिक आहे. जाहिरातीत मनुष्य स्वतःची स्तुती स्वतःच करतो. लेखात ती तिऱ्हाईत करतो, आणि तिऱ्हाइताच्या शब्दाला बाजारात वजन असते. म्हणून त्या एकाच लेखाच्या सुट्या प्रती, हव्या तर आपल्या कंपनीचे नाव-पत्ता घालून, छापून घेण्याची पद्धत आहे. यालाच पुनर्मुद्रण म्हणतात. अमेरिकेत 1922 साली निघालेले 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' आपल्या लेखांच्या अशा प्रती क्रमांक देऊन विकते.

आपल्याकडे मात्र बहुतेक मंडळी सरळ झेरॉक्सच्या दुकानात जातात. "मासिक मी विकत घेतले आहे, मग प्रती काढल्या तर बिघडले कुठे?" असा त्यांचा सवाल असतो. बिघडते ते असे, की अंक विकत घेतला तरी लेख विकत घेतलेला नसतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लेखाच्या प्रती काढण्याचा हक्क मालकाला दिला आहे, व जाणूनबुजून त्याचा भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्याच्या कामासाठी पुस्तकातील पानांच्या प्रती काढण्यास मुभा असल्याचा निर्णय दिला खरा. पण ती सवलत शिक्षणाची आहे, पंप विकण्याची नव्हे.

आता परवानगी कोणाकडे मागायची? येथेच खरी मेख आहे. आपण समजतो, संपादकांना पत्र टाकले की झाले. परंतु याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मासिकाच्या नोकरीतील लेखकाने लिहिलेल्या लेखावर मासिकाच्या मालकाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नियतकालिकात छापण्यापुरताच असतो. बाकी सर्व बाबतींत लेखकच मालक. बाहेरच्या लेखकाने हक्क लिहून दिले नसतील, तर त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. म्हणजे कंपनीच्या पत्रकासाठी प्रती काढायच्या तर मोबदल्यावर लेखकाचाही दावा असू शकतो, आणि पुष्कळदा त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो. लेखातील छायाचित्रांचे मालक आणखी वेगळे असू शकतात. म्हणून मासिकाच्या कचेरीला पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमचा लेखकाशी करार काय आहे?

परवानगी लेखीच घ्यावी. तीत प्रतींची संख्या, मुदत व क्षेत्र हे स्पष्ट असावे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षांची धरतो. क्षेत्र लिहिले नाही तर भारतापुरते.

आता खर्चाचे गणित पाहू. समजा, उद्यमबागेतील एका कारखान्याला चार पानी पत्रक हवे आहे. परवानगीची फी, मांडणी व ऑफसेटच्या प्लेटा मिळून स्थिर खर्च 6,000 रुपये, आणि कागद-छपाईचा बदलता खर्च दर प्रतीस 4 रुपये. (आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.) 500 प्रतींना 8,000 रुपये, म्हणजे प्रत 16 रुपयांना पडते. 2,000 प्रतींना 14,000, म्हणजे प्रत 7 रुपयांना. हा फरक पाहून व्यापारी लगेच 2,000 ची ऑर्डर देतो. पण वाटल्या गेल्या 800 च आणि उरलेल्यांचे गठ्ठे गोदामात पडले, तर वाटलेली प्रत साडेसतरा रुपयांना पडली! तेव्हा आधी आपल्या विक्रेत्यांची यादी मोजावी, मग छापखान्यात जावे. पानेही चारच्या पटीत बसवावीत. पाच पानांच्या मजकुराला आठ पानांचा कागद लागतो.

आपले नाव व बोधचिन्ह मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर घालण्यास सहसा हरकत नसते, पण तीही आधी विचारून घ्यावी. लेखाच्या आत मात्र हात घालू नये. "या पंपाचा आवाज जरा जास्त आहे" असे एक वाक्य लेखात असेल, तर ते गाळण्याचा मोह होतोच. लेखकाची प्रतिष्ठा दुखावेल अशी मोडतोड केल्यास, त्याने हक्क विकले असले तरीही, कलम 57 प्रमाणे तो दाद मागू शकतो. शिवाय माझ्या मते, ते एक वाक्य राहू दिल्यानेच बाकीच्या स्तुतीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

आपल्या बेळगावकडे आणखी एक अडचण येते. लेख मराठीत आणि विक्रेते गदग-हुबळीचे. भाषांतराचा हक्क प्रती काढण्याच्या हक्काहून निराळा आहे. तेव्हा कन्नड पत्रक काढायचे तर परवानगीपत्रात तसे वेगळे नमूद करून घ्यावे. भाषांतर झाल्यावर मूळ लेखकाला, किंवा दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणाला तरी, प्रूफ दाखवावे. अश्वशक्तीचा एक आकडा चुकला तर दोन हजार प्रतींत तो चुकतो, आणि तक्रार छापखान्याकडे न जाता कारखान्याकडे येते.