आधी काय कराल?

आमच्या अभ्यासगटातली, क्लायंटशी सर्वांत छान बोलणारी मैत्रीण क्लिनिकल परीक्षेत नापास झाली, तेव्हा आम्ही सगळेच हादरलो. कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टच्या लायसन्ससाठी सुपरव्हायझरच्या हाताखाली ३,००० तास भरावे लागतात. तिचे ते केव्हाच भरले होते, थिअरीही तोंडपाठ होत्या. मग अडलं कुठे? तिच्याबरोबर सरावाचे प्रश्न सोडवायला बसले तेव्हा कळलं, की ती प्रत्येक केसमध्ये चांगलं उत्तर शोधत होती. चांगले तर चारही पर्याय असतात. विचारलेलं असतं, आधी काय कराल?

हेच बघा. अकरा वर्षांची मुलगी सांगते, आजोबांनी पट्ट्याने मारलं. दंडावर वळ दिसतात. पर्याय असे: आईवडिलांना बोलावणं, घरातल्या शिस्तीच्या कल्पना समजून घेणं, सुपरव्हायझरचा सल्ला घेणं, बालसंरक्षण विभागाला कळवणं. आपल्या घरांत वाढलेल्या कुणाच्याही मनात पहिलं येतं, वडीलधारं माणूस आहे, आधी आईबाबांशी बोलू. त्यात माया आहे, पण कायदा तसा नाही. छळाचा रास्त संशय आला की लगेच फोन करायचा आणि ३६ तासांच्या आत लेखी कळवायचं. सुपरव्हायझरच्या कानावर घातलं म्हणून तुमची जबाबदारी टळत नाही. बाकीची तिन्ही कामं करायचीच आहेत, पण नंतर.

थिअरीच्या प्रश्नांत चकवा निराळा असतो. समजा, सनीवेलमधलं एक मराठी घर आहे. सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्यात, स्वयंपाकघरावरून सुनेशी धुसफूस चाललीय, मुलगा रोज ऑफिसातून उशिरा येतो. मरे बोवेनच्या नजरेने पाहिलं तर हा त्रिकोण आहे. नवराबायकोमधला ताण तिसऱ्या माणसाकडे वळलाय, म्हणून मुलाला आईशी न भांडता, पण ठामपणे स्वतःचं म्हणणं मांडायला शिकवायचं. साल्वाडोर मिनुचिन नवराबायकोभोवतीची सीमा बळकट करील, सेशनमध्ये खुर्च्या हलवून दोघांना समोरासमोर बसवील. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांची पद्धत असेल तर विचारायचं, गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी वाद झाला नाही, त्या दिवशी काय वेगळं होतं? एका घराला तीन उत्तरं, तिन्ही बरोबर. गुण मिळतात ते प्रश्नात नाव कोणाचं आहे त्यावर. नातवंडं सांभाळायला आलेल्या बाईकडे सीमा ओलांडणारी म्हणून पाहणं मला स्वतःला पटत नाही, आणि क्लायंटसमोर मी तसं पाहतही नाही. पण परीक्षेत मिनुचिन विचारला असेल तर मिनुचिनचंच उत्तर द्यायला हवं.

तयार नोट्स घेताना साल बघा. मानसिक विकारांच्या निदानाचं पुस्तक, डीएसएम-५-टीआर, २०२२ मध्ये आलं. एका क्लासने आम्हाला त्याआधीच्या नोट्स नव्या म्हणून विकल्या. पुस्तकात नव्याने आलेल्या प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डरचा त्या नोट्समध्ये पत्ताच नव्हता. पैसे गेले ते गेले, पण तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. असोसिएट, म्हणजे लायसन्सआधी तास भरणारे थेरपिस्ट, झाल्यावर पहिल्याच वर्षी द्यायची कायदा आणि नीतीची परीक्षा वेगळी असते, ७५ प्रश्नांची. तिच्यासाठी नियम थेट लायसन्स देणाऱ्या बोर्डाच्या साइटवरूनच वाचा.

मैत्रिणीने दुसऱ्या खेपेला एकही नवं पुस्तक आणलं नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ती एका ओळीत लिहायची, हा पर्याय योग्य असूनही आधी का नाही. ती पास झाली, आणि तिची वही मी मागून घेतली. तुम्हीही रोज किती प्रश्न सोडवले ते मोजत बसण्यापेक्षा अशा ओळी लिहा. क्लिनिकल परीक्षेत चार तासांत १७० प्रश्न असतात, म्हणजे एकाला दीड मिनिटही मिळत नाही, आणि तेवढ्यात क्रम ठरवायची सवय अशा ओळी लिहूनच लागते.