वजन कोणत्या पायावर आहे?

चि. मुक्ता,


दादा परवा स्वयंपाकघरात वळताना पडला, हे तुझ्या पत्रातून कळलं तेव्हापासून मन तुमच्याकडेच आहे. पार्किन्सन्समध्ये औषधाइतकीच तोलाची काळजी घ्यावी लागते. त्याला घेऊन तुमच्या जवळच्या कम्युनिटी क्लबात ताय ची शिकायचं लेक म्हणून तू ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. मीही सिंगापुरात होते तोवर माझी सकाळ तिथल्या बागेत चिनी आजी-आजोबांच्या रांगेत उभी राहूनच सुरू व्हायची, म्हणून थोडं हक्कानं लिहिते.

आधी पत्रातली ती व्हिडिओंची यादी बाजूला ठेव. ताय चीचं चेन घराणं चांगलं की यांग घराणं, हा प्रश्न तुमच्यासाठी आज महत्त्वाचा नाही. सगळीकडे शिकवतात तो चोवीस हालचालींचा क्रम चीनच्या क्रीडा आयोगानं 1956 साली यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातून निवडून बांधला. तो सामान्य माणसाला जमावा म्हणूनच केला, पाच-सहा मिनिटांत होतो. तरी तो पाठ करायची घाई नको. हालचाली पाठ झाल्या की आपल्याला येतं असं वाटू लागतं, आणि पायांकडे लक्ष राहत नाही.

शिकायचं ते हे: वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर पुरतं नेणं. ताय चीचे शिक्षक एक पाय भरलेला आणि एक रिकामा म्हणतात. एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात न सांडता ओतावं, तसं वजन सरकायला हवं. खांद्यांएवढं अंतर ठेवून उभी राहा, गुडघे किंचित सैल सोड, आणि वजन उजवीकडे ने. डावी टाच अंगाला जराही हिसका न बसता उचलता आली, तर तो पाय खरा रिकामा झाला. मग तो पुढे ठेव, टाच आधी, त्यावर काहीही भार न देता. मधेच कुणी थांब म्हटलं तर तो पाय तसाच मागे घेता आला पाहिजे. भार त्यानंतर द्यायचा. करून पाहा, तुझ्या वयातही मांड्या थरथरतील.

हे सावकाश का, तर नेहमीच्या चालीत आपण रेट्यानं पुढे जातो. तोल थोडा चुकला तरी पुढचं पाऊल सांभाळून घेतं. सावकाश हललं की ती चूक लपत नाही. दादाचं नेमकं हेच बिघडलं आहे. पावलं आखूड पडतात, अंग पुढे झुकतं, आणि वळताना खांदे वळतात पण पाय जमिनीला खिळून राहतात. ताय चीमध्ये आधी पाय मोकळा होतो, मग पाऊल वळतं, मग कंबर, आणि हात सगळ्यात शेवटी. स्वयंपाकघरात वळताना त्याला हाच क्रम उपयोगी पडणार आहे.

हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फुझोंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या 195 रुग्णांना तीन गटांत विभागलं: ताय ची, ताकदीचे व्यायाम आणि ताणाचे व्यायाम. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, 24 आठवडे. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उभं राहण्यातली स्थिरता ताय चीच्या गटात सगळ्यात जास्त सुधारली, आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते पडलेही कमी. शिकवलेल्या हालचाली मोजक्याच होत्या, हे मुद्दाम ध्यानात घे. पडण्याच्या बाबतीत ताकदीचे व्यायाम मात्र फार मागे नव्हते. तेव्हा दादाची फिजिओथेरपी बंद करू नकोस, गोळ्यांची वेळ तर मुळीच चुकवू नकोस. सराव गोळीचा असर चांगला असेल त्या वेळी ठेव.

शिक्षक निवडताना एकच बघ: त्यांची नजर शिष्याच्या हातांवर असते की पायांवर. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे, आत कलता कामा नये. जे हे पाहून टोकतात, दमलेल्याला खुर्चीवर बसून करू देतात, त्यांच्याकडे जा. माझ्याकडे या, आजार बरा करतो, असं कुणी म्हणालं तर तिथून नमस्कार करून परत ये. आणि हातांचा अर्थ जरूर विचार. ही मुळात लढण्याची विद्या, हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात वाढलेली. ढगांसारखे हात फिरवायचे ती हालचाल बघणाऱ्याला नाचासारखी वाटते, पण त्यात समोरच्याचा हात अडवून बाजूला सारायचा असतो. हेतू कळला की हात बरोबर जागी जातो, खांदेही आपोआप खाली येतात. दादाला तर हे ऐकून हुरूप येईल.

आता तुझ्यासाठी सगळ्यात अवघड गोष्ट. दादानं जन्मभर वर्गात शिकवलं आहे. लेकीनं चारचौघांत चुका काढलेल्या त्याला सोसणार नाहीत, आणि एकदा मन उठलं की तो पुन्हा जायचा नाही. त्याला शिकवू नकोस, त्याच्या शेजारी उभी राहून तूही शीक. दंड घट्ट धरू नकोस. हाताच्या अंतरावर, किंचित मागे राहा, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला भिंत किंवा जड टेबल असू दे. हालचाल चालू असताना त्याच्याशी बोलू नकोस. बोलणं आणि तोल सांभाळणं ही दोन कामं एका वेळी त्याला आता झेपत नाहीत. तो थबकला तर ओढू नकोस. वजन बाजूला सरकवू दे, पाय आपसूक सुटेल.

चप्पल घालून सराव नको, सपाट तळव्याचे मागून बंद असलेले बूट घ्या. सुरुवातीला गवतावर नको, तुमच्या इमारतीखालची मोकळी फरशी कोरडी असेल तेव्हा उत्तम. तिथला उकाडा पाहता सकाळी सातच्या आत आटोपा, पाणी सोबत ठेवा. पहिल्या वर्गानंतर तिथल्या लाओशी, म्हणजे शिक्षिका, कशा वाटल्या ते मला सविस्तर लिही. रविवारी दादाला फोन करते. पडल्याचं तू कळवलंस, हे मी त्याला सांगणार नाही.

तुझी,
आत्या