ओलसर भिंत

मुलांनो, ईद जवळ आली की घरोघरी रंगकाम निघते. आमच्या घराची मागची भिंत दगडमातीची आहे. एका वर्षी मी हौसेने तिला ऑइलपेंट दिला. भिंत चकाकली, पण पावसाळ्यात रंगाला फोड आले. ओल आत कोंडली होती.

अम्मी म्हणाली, "बेटा, हिला चुनाच लाव." चुन्यातून ओल बाहेर पडते. आपल्या शहरातील सतराव्या शतकातला बीबी का मकबरा पाहा. घुमट संगमरवरी, पण बऱ्याच भागावर चुन्याचा गिलावा आहे.

मी रंग खरवडला व भिंत सुकू दिली. कळीचा चुना भिजवला. (तो उकळतो, दूर राहा!) गाळून डिंक व नीळ घातली आणि दोन पातळ हात दिले. आता फोड येत नाहीत. टेकून बसले, तर सदरा मात्र पांढरा होतो.