आपलं स्वयंपाकघर मोजूया : लहान जागेतली मांडणी आणि साठवण

(इयत्ता चौथी-पाचवी, गणित आणि परिसर अभ्यास यांचा एकत्रित पाठ)



गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. आली तेव्हा उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. झालं होतं असं, की तिला साखर हवी होती, साखरेचा डबा गॅसच्या वरच्या फळीवर होता आणि आई बाहेर पाणी भरत होती. ती ओट्यावर चढली. शेगडीवर आमटी उकळत होती. नशीब, भाजणं खोल नव्हतं, आता हात बरा आहे. पण भेटायला गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "गुरुजी, डबा दुसरीकडं ठेवायला जागाच कुठंय?"

घर लहान होतं, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी बसलो होतो तिथूनच दाराजवळचा रॅक दिसत होता. त्याच्या मधल्या, अगदी हाताशी येणाऱ्या फळीवर चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र आणि दोन मोठ्या पराती होत्या. म्हणजे रोज लागणारी साखर आगीच्या वर, आणि वर्षातून दोन-तीनदा निघणारं पुरणयंत्र हाताशी! त्यांना काही बोलायचं धाडस झालं नाही. कारण घरी येऊन पाहिलं तर आमच्याकडेही हीच गत. तिथूनच हा पाठ सुचला. तीन तासिका आणि एक रविवार एवढा वेळ लागतो. साहित्यात चौकटींची वही, मोजपट्टी किंवा टेप, कात्री आणि एक लिटरची रिकामी बाटली, बस्स.

सुरुवात मोजमापाने करू नका, पावलांनी करा. मुलांना रविवारचं काम द्यायचं: घरात कुणीतरी चहा करत असेल तेव्हा शेजारी उभं राहून त्या माणसाची पावलं मोजायची आणि कुठून कुठे गेलं ते लिहायचं. मी स्वतः आईची मोजली. चहा पावडर ओट्यावर, साखर मागच्या कपाटात, दूध बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, गाळणं मोरीजवळ. एका चहाला बावीस पावलं. साखर आणि गाळणं शेगडीच्या डाव्या हाताला आणल्यावर ती तेरा झाली. दुधाचा काही इलाज सापडला नाही, फ्रिज आत मावत नाही. दिवसातून चार वेळा चहा म्हटलं तर रोजची छत्तीस पावलं वाचली. ती आजवर आईच चालत होती आणि मला पत्ता नव्हता. वर्गात मुलांनी आपापले आकडे सांगितले तेव्हा पहिल्यांदा मुलगे गप्प झाले. (एकाने विचारलं, "सर, बाबांची पावलं मोजायची का?" मी म्हटलं, "चहा करत असतील तर जरूर मोज.")

मग नकाशा. उदाहरणासाठी सात फूट बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर घ्या, म्हणजे साधारण २१० बाय २४० सेंमी. वहीतली एक चौकट म्हणजे १० सेंमी धरली तर २१ गुणिले २४, एकूण ५०४ चौकटी. आता रंगीत कागदाचे तुकडे कापायचे. ओटा ६० सेंमी खोल आणि पूर्ण भिंतभर, म्हणजे ६ गुणिले २१, १२६ चौकटी. फ्रिज ६ बाय ६, ३६ चौकटी. रॅक ३ बाय ९, २७ चौकटी. बेरीज १८९. उरल्या ३१५. मुलं लगेच म्हणतात, सर, भरपूर जागा आहे की!

इथे थांबायचं. फ्रिजचं दार उघडलं की त्याच्यापुढच्या सहा चौकटी अडतात. खोलीचं दार आत उघडत असेल तर ते आठ-नऊ चौकटींचा पट्टा गिळतं. ओट्यापुढे एक माणूस उभं राहतं आणि त्याच्यामागून दुसऱ्याला जायचं असेल तर किमान नऊ चौकटी रुंदी लागते. हे सगळं पेन्सिलीने छायांकित करायला सांगा. वस्तूची जागा वेगळी आणि वस्तू वापरायची जागा वेगळी, हे नकाशात जितकं पटकन कळतं तितकं माझ्या तोंडी सांगण्यातून कधी कळलं नाही. तुकडे सरकवून तीन-चार मांडण्या करून बघू द्या. खरं कपाट सरकवायला दोन माणसं लागतात, कागदाचं सरकवायला एक बोट. फर्निचरवाल्याकडे जाण्यापूर्वी पालकांनीही हा खेळ एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. ट्रॉली बसवल्यावर ती पूर्ण उघडतच नाही, समोरच्या कपाटाला अडते, अशी घरं मी पाहिलीत.

पाच चौरस मीटर म्हणजे फारच लहान का? भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, जेवायला वेगळी जागा असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचं आणि किमान १.८ मीटर रुंद असावं असं म्हटलंय. तिथेच जेवायचं असेल तर ७.५ चौरस मीटर. आपल्या उदाहरणातलं स्वयंपाकघर त्या किमान रेषेच्या जरासं वर आहे. चाळीतली आणि भाड्याची कितीतरी घरं रेषेच्या खाली असतात, हे आपल्याला सांगायला नकोच.

पावलं मोजून स्वयंपाकघर आखायची ही युक्ती माझी नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात घरांची मोठी टंचाई होती. तिथे कामगारांसाठी घरं बांधताना मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली एक स्वयंपाकघर आखलं: १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा चौरस मीटर. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. कोणत्या कामाला किती वेळ आणि किती चाल लागते याचा हिशोब करून त्यांनी ओटा, मोरी, शेगडी आणि कप्पे ठरवले होते. डाळ-तांदळासारख्या कोरड्या वस्तूंसाठी नावं लिहिलेले ॲल्युमिनियमचे छोटे कप्पे होते. पिठाचा कप्पा मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडाला पिठातले किडे टाळतात.

वर्गात हे सांगताना पुढची बाजूही सांगा. ती आपल्या पाठाला जास्त उपयोगी आहे. ते स्वयंपाकघर एका वेळी एकाच माणसापुरतं होतं, दुसरं माणूस मदतीला आलं तर अडचणच. आणि ते नीटनेटके कप्पे लहान मुलांच्या हाताशी येत होते, त्यामुळे आया वैतागायच्या. लिहोट्स्की बाईंनीच पुढे सांगितलं की ते आखलं तोवर त्यांनी स्वतः घरचा स्वयंपाक केलेला नव्हता. आकडे बरोबर असूनही घरातली माणसं हिशोबातून सुटू शकतात, ती अशी.

माझ्याकडूनही सुटली होती. घरात मी हौसेने फळ्या मारल्या त्या माझ्या उंचीने. आई पाटावर चढून डाळ काढायची, मला वाटायचं सवय आहे तिला. एकदा म्हणाली, "अरे, हे तुझ्या मापाचं झालंय. रांधते मी." म्हणून मुलांना घरातल्या प्रत्येकाची तीन मापं घ्यायला लावतो: खांद्यापर्यंत उंची, कोपरापर्यंत उंची, आणि हात वर करून टाच न उचलता बोटं पोचतात ती उंची. ओटा कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली असला तर पाठ आणि खांदे दुखत नाहीत. दीड मीटर उंचीच्या बाईचं कोपर साधारण ९५ सेंमीवर येतं, म्हणजे तिला ८० ते ८५ सेंमीचा ओटा बरा. बांधलेला ओटा आता कोण तोडणार? पण फळी खाली-वर करता येते. रोजचं ते गुडघा ते खांदा या पट्ट्यात, आठवड्याचं त्याच्या खाली, आणि सणासुदीचं माळ्यावर. मुलांना लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाण्याचा पेला, साखर, चिवडा, बिस्किटं, त्यांच्या खांद्याखाली आणि शेगडीपासून दूर. शेगडीच्या वर काहीच नको, मिसळणाचा डबासुद्धा बाजूला. वाफेने मसाल्याचे गोळे होतात ते वेगळंच.

आता साठवण. इथे गणित रंगतं. एक लिटरच्या बाटलीत गहू भरून वजन करा, साधारण पाऊण किलो भरतो. मग कणीक भरा, तीच बाटली, पण वजन त्याहून बरंच कमी. पोहे तर अगदीच हलके. "एक किलोचा डबा" असं काही नसतंच, हे मुलांना तिथेच कळतं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळतं. पाच माणसांचं २५ किलो झालं. पाऊण किलोला एक लिटर धरलं तर सुमारे ३३ लिटर जागा हवी. ३० सेंमी व्यासाचा आणि ४५ सेंमी उंच डबा घेतला तर त्यात साधारण ३२ लिटर मावतं. म्हणजे महिन्याचं रेशन एका मोठ्या डब्यात जवळजवळ बसतं, थोडंसं उरतं. गहू आणि तांदूळ वेगळे ठेवायचे तर दोन डबे. वर्षाचा गहू भरणाऱ्यांनी हाच हिशोब पुढे करून बघावा, आणि कोठी घरात मावते की घर कोठीत ते ठरवावं.

गोल डबा की चौकोनी, यावर वर्गात भांडण लावून द्या. ९० बाय ३० सेंमीच्या फळीवर ३० सेंमीचे तीन गोल डबे ठेवले तर फळीची सुमारे ७८ टक्के जागाच वापरली जाते, बाकी कोपरे वाया. चौकोनी डबे सगळी जागा भरतात. पण चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात जुनं पीठ चिकटून राहतं आणि सोंडे तिथूनच सुरू होतात. माझं मत विचाराल तर पीठ आणि रवा गोल डब्यात, सहज धुता-पुसता येणाऱ्या. कडधान्यं आणि शेंगदाणे चौकोनी बरण्यांत. नवीन धान्य जुन्यावर ओतायचं नाही, हे मात्र दोन्हीकडे. कांदे-बटाटे बंद डब्यात नकोत आणि एकाच टोपलीतही नकोत, एक सडला की दुसऱ्याला लावतो. बटाट्यावर उजेड पडला तर तो हिरवा होतो.

एक गोष्ट मुलांसमोर नाही, पालकसभेत सांगा. किडीसाठी धान्यात ठेवायच्या काही गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. दमट हवेत त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. ज्या घरात कोठीशेजारीच अंथरूण पडतं तिथे ही गोळी म्हणजे जिवाशी खेळ. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच त्या वापरायच्या असा नियम आहे. धान्य कडक उन्हात वाळवा, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डाळींना एरंडेल तेलाचा हात फिरवा. थोडं कमी भरा, पण भुंगा मारायला विष घरात आणू नका.

सिलिंडरचंही तसंच. जागा नाही म्हणून त्याच्यापुढे पिंप आणि डबे रचलेले असतात, रेग्युलेटरपर्यंत हातच पोचत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर उभाच हवा, शेगडीपेक्षा खाली हवा, आणि तो कपाटात असेल तर दाराला खालच्या बाजूला भोकं हवीत. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद करायचं नाही. रेग्युलेटर बंद करून खिडक्या-दारं उघडायची, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. हा क्रमांक मुलं पटकन पाठ करतात.

हा पाठ घेताना माझी एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. पहिल्या वेळी मी फळ्यावर लिहिलं, "आपल्या स्वयंपाकघराचा नकाशा काढा." एका मुलाने कागद कोरा दिला. त्याच्या घरात वेगळं स्वयंपाकघरच नव्हतं, एकाच खोलीच्या कोपऱ्यात चूल आणि वर शिंकाळं. आता मी लिहितो, "घरात जिथे जेवण शिजतं त्या जागेचा नकाशा काढा." नकाशे भिंतीवर लावत नाही, कुणाचा मोठा कुणाचा लहान अशी तुलना करत नाही, वह्या तपासून त्या त्या मुलाच्या हातात देतो.

त्या मुलीच्या घरी भाड्याची भिंत होती, खिळा मारायची परवानगी नव्हती. तिने नकाशात रॅकच्या मधल्या फळीवर "साखर, पोहे, बिस्किट" असं लिहिलं आणि पुरणयंत्रापुढे बाण काढून "वर" असं लिहिलं. पुढच्या पालकसभेला तिची आई आली तेव्हा सांगत होती, पराती शेगडीच्या वर ठेवून काय उपयोग, त्या पलंगाखाली सरकवल्या. हे नकाशात कुणालाच सुचलं नव्हतं. आता पलंगाखालची जागा पण मोजायला लावतो.